दालमिलच्या आधी सातबारा: यवतमाळच्या महिला शेतकरी गटांनी कंपनी काढण्यापूर्वी वाचावं असं काही



महिला गटांच्या ताई प्रशिक्षणात भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, आम्ही पंधराजणी आहोत, दालमिल टाकायची आहे, लोन कुठं मिळेल?" माझा उलट प्रश्नही ठरलेला असतो. तुमच्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? पंधरापैकी दोन हात वर येतात, कधी तीन. बाकीच्या एकमेकींकडे बघतात. "वावर आमचंच आहे जी, पण नाव सासऱ्याचं आहे." "मालकाच्या नावावर आहे." "मालक गेले, आता भासऱ्याच्या नावावर आहे."

व्हिडिओत या मुद्द्याला दोन मिनिटं मिळाली होती. इथे सविस्तर लिहितो, कारण व्यवसायाचा आराखडा करताना आपण मशीन, ब्रँड, पॅकिंग, मार्केटिंग सगळं धरतो, पण शेतीवर उभ्या राहणाऱ्या व्यवसायाचं पहिलं भांडवल जमीन असते आणि ते कुणाच्या नावावर आहे हे कुणी विचारत नाही.

नाव नसलं तर काय अडतं? पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० खातेदाराच्या घरात जातात. किसान क्रेडिट कार्डासाठी बँक आधी सातबारा आणि आठ-अ मागते. पीकविमा, ठिबक, अवजारं, नुकसानभरपाई, सगळीकडे तोच कागद. त्यात राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आणि तो क्रमांक जमिनीच्या नोंदीला जोडलेला आहे. म्हणजे आधी निदान अधिकाऱ्याला समजावून सांगता यायचं की वावर मीच करते. संगणकाला ते सांगता येत नाही.

काम कुणाचं, नाव कुणाचं

यवतमाळ जिल्हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. पेरणीच्या वेळी सरकी टोबायला बाई, निंदायला बाई, कापूस वेचायला तर बाईच. डवरणी, फवारणी आणि बाजार ही पुरुषांची कामं मानली जातात, पण ज्या घरात पुरुष राहिला नाही तिथे तीही बाईच करते. आता देशाचा आकडा बघा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महिलांच्या नावे असलेली वहिती खाती १०० पैकी १४ च्या आसपास होती आणि त्यांच्याकडचं क्षेत्र त्याहूनही कमी, १२ टक्क्यांच्या आत.

विदर्भ-मराठवाड्यात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण इथे शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या बायका हजारोंनी आहेत. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे 'मकाम', या महिला शेतकऱ्यांच्या मंचाने २०१८ मध्ये या दोन विभागांतल्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ महिलांची पाहणी केली. ४० टक्के महिलांना त्या कसत असलेल्या शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. राहतं घर नावावर झालेल्या फक्त ३५ टक्के. पाहणीनंतर पाठपुरावा झाला आणि जून २०१९ मध्ये राज्य सरकारने या महिलांचे जमीन व घरावरचे हक्क, पेन्शन आणि मदत याबाबत शासन निर्णय काढला.

आत्महत्याग्रस्त कुटुंबाला राज्यात १ लाखाची मदत मिळत आली आहे: ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत. हे पैसे आले, गेले. बहुतेक घरांत दुखवट्यात, मुलांच्या शिक्षणात, सावकाराच्या हिशेबात संपले. जमिनीचं मात्र तसं नाही. नाव लागलं की ती बाई दरवर्षी पेरणीच्या वेळी कुणाची परवानगी न घेता बियाणं निवडू शकते. धंद्याच्या भाषेत, एकदा मिळणारं अनुदान आणि दरवर्षी उत्पन्न देणारी मालमत्ता यांतला हा फरक आहे.

रावेरीची सीता आणि लक्ष्मीमुक्ती

राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथे सीतेचं मंदिर आहे, एकट्या सीतेचं, शेजारी राम नाही. आख्यायिका अशी की वनवासात टाकलेली सीता इथे बाळंत झाली, तिने गावात मूठभर गहू मागितले, गावाने दिले नाहीत, म्हणून तिने शाप दिला आणि रावेरीत गहू पिकेनासा झाला. गोष्ट खरी की खोटी हा प्रश्नच नाही. नवऱ्याच्या घरातून बाहेर पडलेल्या बाईकडे मूठभर धान्यही हक्काचं नसतं, हे या गावाने शेकडो वर्षं लक्षात ठेवलं आहे.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांना ही गोष्ट भिडली. त्यांच्या पुढाकाराने या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. पण त्याच्याही आधी, संघटनेने एक मोठं काम केलं होतं. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, त्याला लाखावर बायका आल्या. कांदा-कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या बायकांच्या नावावर मात्र काही नाही, ही चर्चा तिथून वाढली. पुढे १९८९-९० च्या सुमारास जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' सुरू केली. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव नवऱ्यांना सांगायचं की घरच्या लक्ष्मीचं ऋण आहे, जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. ज्या गावात १०० किंवा जास्त घरांनी असं केलं ते लक्ष्मीमुक्ती गाव. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे त्यातलं गाजलेलं नाव.

यातली व्यावसायिक हुशारी बघा. जोशींनी एकेका बाईला कोर्टात जायला सांगितलं नाही. एकट्या नवऱ्याने नाव लावलं तर पारावर त्याची टिंगल होते. १०० जणांनी लावलं तर गावाचा मान होतो. आज तुम्ही गट बांधता तेव्हा हीच गोष्ट लक्षात ठेवा. "आपल्या गटातल्या सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी" हे वाक्य घरात जितकं काम करतं तितकं कायद्याचं कलम करत नाही.

या चळवळीतून सरकारी कागदही निघाला. महसूल विभागाचं १५ सप्टेंबर १९९२ चं परिपत्रक. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर त्याच्या शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. लोक याला लक्ष्मीमुक्ती योजना म्हणून ओळखतात. तीस वर्षांहून जास्त झाली, तरी कित्येक गावांत हे माहीत नाही. तलाठी कार्यालयात (आता त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे) अर्ज देताना परिपत्रकाची तारीख लिहा. तारीख लिहिलेल्या अर्जाला "असं काही नसतं" म्हणणं जड जातं.

नाव लागतं कसं

प्रत्येकीची परिस्थिती वेगळी, म्हणून रस्ता वेगळा. आधी एक स्पष्ट करतो. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, ती महसुली नोंद आहे. पण बँक, योजना आणि बाजार त्याच नोंदीवर चालतात.

नवरा हयात आहे, जमीन त्याच्या नावावर आहे: वरचा लक्ष्मीमुक्तीचा अर्ज सगळ्यांत स्वस्त. तुकडा पूर्ण तिच्या नावावर करायचा असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र. महाराष्ट्रात नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. बाकीचा नोंदणीचा आणि लिहिण्याचा खर्च दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या, एजंटाकडे नाही. एकत्र खातं असेल आणि सगळ्या सहधारकांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदार वाटणी करून देतात.

नवरा वारला आहे: मग वारस नोंद. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज, एवढ्यावर सुरुवात होते. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही अर्ज करता येतो. मग फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर ते तक्रारी प्रकरण होतं, त्याची सुनावणी होते. निकाल विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील. एप्रिल २०२५ मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम झाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी. त्यात तुमच्या घरची नोंद झाली का, हे आज मोबाईलवर सातबारा काढून बघा. अनेकींना घरात "झालं, झालं" सांगितलेलं असतं.

आणि नाव लागलं असेल तर कुठे लागलं तेही बघा. ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. सातबाऱ्यावर खातेदाराचा रकाना वेगळा आणि 'इतर हक्क' वेगळा. कित्येक विधवांचं किंवा बहिणींचं नाव इतर हक्कात टाकलेलं असतं आणि वर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर लिहिलेलं असतं. बाई समाधानी असते की नाव आहे. बँकेत गेल्यावर कळतं की खातेदार ती नाहीच. अशा वेळी दुरुस्तीचा अर्ज द्या, फेरफार क्रमांक लिहून.

जमीन सासऱ्याच्या नावावर आहे, नवरा गेला: यवतमाळमध्ये सर्वांत जास्त अडकणारा प्रकार हाच. इथे वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, हा पहिला प्रश्न. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची जमीन असेल तर नवऱ्याच्या हिश्श्यावर तिचा आणि मुलांचा हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याने येतो. सासऱ्याने स्वतः विकत घेतलेली असेल तर सासरे हयात असेपर्यंत तिला मागता येत नाही. ते मृत्युपत्र न करता वारले तर आधी गेलेल्या मुलाची विधवा म्हणून ती वारसांत येते. म्हणून जुना फेरफार काढा. जमीन सासऱ्यांच्या नावावर कशी आली, खरेदीने की वारसाने, हे त्यातच लिहिलेलं असतं. वाद असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना मोफत वकील मिळतो. गावातल्या शहाण्याकडे जाण्याआधी तिथे जा.

मुलगी: ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच तशी दुरुस्ती केली होती, त्यात लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं एवढंच. वडील २००५ ला हयात नसले तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. व्यवहारात मुली राखीला जातात, हक्कसोड पत्रावर सही करून येतात. भावाशी संबंध राहावेत म्हणून सही करणाऱ्या बाईला मी नावं ठेवणार नाही. पण सही करण्याआधी काय सोडतोय ते वाचावं. नोंदणीकृत हक्कसोड नंतर सहज मागे घेता येत नाही.

झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या बाजूला कोलाम आणि गोंड वस्त्या आहेत. तिथे २००६ चा वनहक्क कायदा बघा. त्यात वैयक्तिक वनहक्काचा पट्टा विवाहित असल्यास नवरा-बायको दोघांच्या नावे देण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती जमीन विकता येत नाही, वारसाने मात्र जाते. पट्टा आलेला असेल तर दुसरं नाव छापलंय का, तेवढं तपासा.

"नाव कायले पायजे, घरचंच तं हाय," हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल. भांडू नका. पीएम किसानचा हप्ता, कर्जमर्यादा, विमा, महिला खातेदाराला योजनेत मिळणारं प्राधान्य हे कागदावर मांडून दाखवा. घरात हिशेब पटतो, भाषण पटत नाही.

नाव लागेपर्यंत हात बांधून बसायचं का?

नाही. इथेच गट आणि कंपनी उपयोगाला येतात.

शेतकरी उत्पादक कंपनीचा कायदा २००३ मध्ये आला, अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून. त्या कायद्यात 'उत्पादक' म्हणजे जमिनीचा मालक असं कुठेही म्हटलेलं नाही. प्राथमिक उत्पादनाशी संबंधित काम करणारी कोणतीही व्यक्ती उत्पादक. कसणारी, मक्त्याने करणारी, शेळ्या पाळणारी, सगळ्या त्यात येतात. नोंदणीच्या वेळी सवयीने सातबारा मागितला जातो हे खरं, पण तुमच्या सीएला ही व्याख्या दाखवा आणि उत्पादक असल्याचा दाखला कुणाचा चालेल ते विचारा.

बचत गट तर हातात आहेतच. उमेदचे गट, त्यांचे ग्रामसंघ, प्रभाग संघ. माविमची लोकसंचालित साधन केंद्रं. बँकेकडून गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जमीन नसलेल्या किंवा मक्त्याने करणाऱ्या चार ते दहा जणींनी एकमेकींची हमी घेऊन संयुक्त दायित्व गटही करता येतो.

मग जमीन? केरळात कुटुंबश्रीच्या बायकांनी गट करून पडीक जमिनी भाड्याने घेतल्या आणि सामूहिक शेती केली. आपल्याकडे मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने वेगळी युक्ती चालवली. बायकांनी घरच्यांकडे सगळं वावर मागितलं नाही, फक्त अर्धा-एक एकर मागितला. त्यावर भाजी, डाळी, धान्य अशी मिश्र पिकं, बियाणं आपलं, निर्णय आपला. या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला ही युक्ती यवतमाळसाठी जास्त पटते. पाच एकर पऱ्हाटी असलेल्या घरात अर्धा एकर मागणं हे भांडण होत नाही, आणि दोन हंगामांनी त्या अर्ध्या एकराचा हिशेब बाईच्या वहीत असतो. नाव लावण्याची बोलणी मग त्या वहीवरून सुरू होतात.

मक्त्याने घेणार असाल तर तोंडी व्यवहार नको. विम्याच्या अर्जाला नोंदणीकृत भाडेकरार मागतात. मालक घाबरतात की कुळ लागेल. त्यांना मुदत, भाडं आणि ताबा परत करण्याची तारीख असलेला स्वच्छ करार दाखवा. तरी नाही म्हणाले तर ती जमीन सोडा. बिनविम्याची कोरडवाहू शेती गटाच्या पैशावर करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

दालमिलचा खरा हिशेब

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दालमिल विदर्भात सगळ्यांना माहीत आहे. यंत्र चांगलं आहे. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, म्हणजे पीएमएफएमई मध्ये, वैयक्तिक उद्योगाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे आणि बचत गटाच्या प्रक्रिया करणाऱ्या सभासदाला ४०,००० पर्यंत बीज भांडवल. म्हणून सगळ्यांना दालमिलच हवी असते.

१० क्विंटल तुरीचा हिशेब मांडू. तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल, तो धरू. बाकीचे दर समजण्यापुरते धरले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे टाका.

तूर खरेदी ८०,०००. त्यातून ७०० किलो डाळ धरली आणि १२५ रुपयांनी विकली तर ८७,५००. चुणी आणि तुकडा २३० किलो, २० रुपयांनी ४,६००. एकूण आले ९२,१००. आता खर्च. भरडाई, वीज, मजुरी क्विंटलला ४०० प्रमाणे ४,०००. पॅकिंग किलोला ४ रुपये, २,८००. वाहतूक आणि विक्री २,३००. म्हणजे ९,१००. उरले किती? ३,००० रुपये. यातून यंत्राचा हप्ता, शेडचं भाडं आणि हिशेब ठेवणाऱ्या मुलीचा पगार द्यायचा आहे.

आता कुणी म्हणेल, तूर ७,००० ने घेऊ, बाजारात तेवढीच आहे. बरोबर, मग नफा १३,००० दिसतो. पण ते जास्तीचे १०,००० आले कुठून? तुमच्याच सभासद ताईंच्या खिशातून. व्यापारी हेच करत होता. फरक तेव्हाच पडतो जेव्हा वर्षअखेर तो नफा तिने दिलेल्या मालाच्या प्रमाणात तिला परत जातो. उत्पादक कंपनीच्या कायद्यात याची सोय आहे: माल घेताना किमतीचा काही भाग रोखून ठेवायचा आणि नंतर द्यायचा, शिवाय मालाच्या प्रमाणात बोनस. सभासदांना हे पहिल्याच बैठकीत समजलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या वर्षी त्या तूर व्यापाऱ्यालाच देतात, आणि त्यांचं चूक नसतं. घरात पैसे आज लागतात.

शिवाय खेळतं भांडवल. १०० क्विंटल तूर घ्यायची तर ८ लाख रोख हवेत. यंत्राला अनुदान मिळतं, तुरीला मिळत नाही. गावोगाव बंद पडलेल्या मिली बघा. यंत्र बिघडून फार कमी बंद पडतात, तूर घ्यायला पैसे नसतात म्हणून पडतात.

म्हणून सुरुवात यंत्राने नको. पहिल्या हंगामात एकत्र खरेदी करा: खत, बियाणं, साठवणीच्या बॅगा. दुसरं, सोयाबीनचं घरचं बियाणं. सोयाबीन स्वपरागसिंचित आहे, प्रमाणित बियाण्यापासून आलेलं पुढची दोन-तीन वर्षं वापरता येतं. निवड, चाळणी, ओल्या गोणपाटावर १०० दाणे ठेवून उगवण बघणं, ७० च्या वर उगवले तर बियाणं चांगलं, ही कामं बायका आधीपासून करतात. एकरी साधारण ३० किलो बियाणं लागतं, जूनमध्ये पिशवीचा भाव काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. आपसात बिगर-ब्रँडचं बियाणं देण्या-घेण्याची मुभा शेतकऱ्याला कायद्याने आहे. लेबल लावून दुकानात विकायचं असेल तर परवाना लागतो. तिसरं, तूर एकत्र मोजून एकत्र विकणं. इलेक्ट्रॉनिक काटा गटाचा असला की किलोकिलोने जाणारी घट थांबते, आणि हा नफा कोणत्याही प्रकल्प अहवालात न दिसणारा पण खात्रीचा असतो.

कंपनी मग काढा, दोन हंगाम एकत्र व्यवहार झाल्यावर. दहा उत्पादक मिळून कंपनी होते, संचालक पाच ते पंधरा, एका सभासदाला एक मत. केंद्राच्या १०,००० उत्पादक संस्थांच्या योजनेत मैदानी भागात ३०० सभासद लागत, त्यात तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च आणि सभासदामागे २,००० पर्यंत समभाग अनुदान, कमाल १५ लाख, अशी रचना होती. आकडे छान आहेत. पण कंपनीने वर्षभर एक पोतंही विकलं नाही तरी लेखापरीक्षण, वार्षिक सभा आणि कंपनी निबंधकाकडे विवरणपत्रं चुकत नाहीत. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा शुल्क. अनुदानासाठी कंपनी काढून देणारे खूप भेटतील, दुसऱ्या वर्षीचे फॉर्म भरायला ते सापडत नाहीत. सीएची वर्षाची फी आधी लेखी घ्या आणि ती गटाच्या कमाईतून निघते का बघा. निघत नसेल तर अजून गटच राहा, त्यात कमीपणा नाही.

सही कुणाची

नावापुरती महिला कंपनी हा प्रकार ओळखायला सोपा आहे. संचालक सगळ्या ताई, आणि फोन लावला की उचलतो एकीचा मुलगा किंवा नवरा. मालाचे पैसे घरच्या कर्त्याच्या खात्यात. तसं होणार असेल तर सातबाऱ्यावर जे झालं तेच इथे नव्या कागदावर होतंय.

म्हणून पहिल्या ठरावात चार गोष्टी लिहून घ्या. मालाचं पेमेंट फक्त सभासदाच्या स्वतःच्या खात्यात, संयुक्त खात्यात नाही. बँकेच्या व्यवहाराला दोघींच्या सह्या आणि ओटीपीचा मोबाईल त्यांच्याकडेच. सभा कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी नको, संध्याकाळी आणि वस्तीजवळ. आणि सभासद नोंदवहीत एक जादा रकाना: सातबाऱ्यावर नाव आहे का, कोणत्या रकान्यात, नसेल तर अर्जाची तारीख आणि पोच क्रमांक. दर महिन्याच्या सभेत हिशेबाबरोबर तो रकानाही वाचायचा.

तूर साधारण जानेवारीपासून बाजारात येते. वारस नोंदीला हरकत नसली तरी महिना जातो, हरकत आली तर कितीतरी जास्त. तेव्हा यंत्राचं कोटेशन मागवण्याआधी या आठवड्यात प्रत्येकीने आपला सातबारा, आठ-अ आणि ज्या फेरफाराने जमीन घरात आली तो फेरफार, एवढे तीन कागद काढून गटाच्या बैठकीला आणावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांचे कागद दुसरीने मोठ्याने वाचायचे, इतर हक्काच्या रकान्यासकट.